जांबखोऱ्याचा डावा फाटा

"मॅडम, धबधबा किती वाजता बंद होतो?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे राग यायला लागला. शेवटी शेवटी मी सरळ "पाच वाजता" असं सांगून मोकळी व्हायची, आणि माणसं घड्याळ बघत लगबगीनं वाटेला लागायची. एक गृहस्थ तर साडेचारलाच परत आले आणि म्हणाले, पाणी आत्तापासूनच कमी केलेलं दिसतं, हे बरोबर नाही, आम्ही अकोल्याहून आलोय.

मी मेळघाटात वनरक्षक होते, निवृत्त होताना वनपाल. या अंकाच्या संपादकांनी 'जंगलातले थरारक अनुभव' लिहा असं सांगितलं. म्हणजे वाघ. वाघ मला दिसला, अनेकदा दिसला. वाघ दिसला की आपण जागच्या जागी थांबायचं, तो आपल्याकडे बघतो, कंटाळतो आणि जातो. यावर चार पानं कशी लिहायची? माझ्या नोकरीची शेवटची दहाएक वर्षं एका पायवाटेवर गेली, तर मी तिच्याबद्दलच लिहिते.

चिखलदऱ्याच्या पठारावरून ही वाट खाली खोऱ्यात उतरते. तिला इथं जांबखोरा म्हणूया. खरं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या पावसाळ्यात लोक हा अंक हातात घेऊन तिथं उभे राहतील, आणि आता माझ्या जागी असलेली मुलगी मला फोन करून विचारेल, "बाई, मी तुमचं काय वाईट केलं?" वाट दोन-अडीच तासांची. सागाच्या रानातून निघते, मग बांबू लागतो, मग काळा कातळ आणि शेवटी एक मोकळी सपाटी. तिथून समोरच्या कड्यावरून पडणारं पाणी दिसतं. वाट तिथंच संपते, पण लोकांचं समाधान तिथं होत नाही. त्यांना पाण्याखाली जायचं असतं. पुण्याच्या एका टोळीनं मला विचारलं होतं, असा एखादा ट्रेक नाही का, की शेवटी एकदम समुद्र दिसेल? मी म्हटलं, "शेवटी परतवाड्याची एसटी दिसेल, ती पण वेळेवर आली तर."

बाहेरच्या माणसाला वाटतं, पायवाट म्हणजे आपोआप असलेली गोष्ट. तसं नसतं. वाटेला सगळ्यात जास्त त्रास पाण्याचा. पावसाळ्यात पाणी वाटेवरूनच धावतं, कारण त्यालाही चालायला तीच जागा सोयीची असते. म्हणून ठिकठिकाणी तिरपे दगड बसवून त्याला बाजूला काढून द्यावं लागतं. एका पावसाळ्यात हे काम चुकवलं तर पुढच्या वर्षी वाटेच्या जागी नाला. मग तरोटा आणि रायमुनिया, म्हणजे तुमची घाणेरी, माजतात, ते दोन्ही बाजूंनी हातभर साफ करायचे. बाण रंगवायचे ते उंचावर, माणसाच्या डोळ्यांसमोर. खाली दगडावर रंगवले की महिन्याभरात गवतात जातात. आणि बाण रंगवायचा तिथं, जिथं माणसाच्या मनात शंका येते. जिथं रंगवायला सोपं जातं तिथं नाही. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. सोनाजीनं सांगितलं.

सोनाजी कासदेकर आमचा वनमजूर. कोरकू, खालच्याच पाड्यावरचा, वयानं माझ्याच बरोबरीचा. फार कमी बोलणारा माणूस. मी बोलायची तेव्हाही तो ऐकतोय की झाडाकडे बघतोय ते कळायचं नाही. आम्ही दोघांनी मिळून ती वाट सांभाळली. कार्यालयाला मात्र वाटेपेक्षा वाटेच्या तोंडाशी असलेल्या कमानीत जास्त रस. कमानीला रंग द्या, कमानीखाली फुलपाखराचे पंख बनवा, म्हणजे लोक पंखांत उभे राहून फोटो काढतील. पंख आले. पण वाटेसाठी मागितलेले दोन लोखंडी खांब तीन पावसाळे आले नाहीत.

ते खांब कशासाठी हवे होते, ते सांगते. बांबूचं रान संपतं तिथं वाटेला फाटा फुटतो. उजवीकडे आपली वाट. डावीकडे बांबू तोडणाऱ्यांची जुनी वाट, ती पूर्वी थेट धबधब्याच्या पायथ्याशी जायची. एका पावसाळ्यात मधली दरड कोसळली आणि ती वाट साधारण तीस-चाळीस पावलं नाहीशी झाली. गंमत अशी, की सुरुवातीला ती वाट आपल्या वाटेपेक्षा चांगली दिसते. रुंद, सपाट, सावलीची. कुठलाही शहाणा माणूस डावीकडेच वळेल. म्हणून तिथं 'वाट बंद' असा बोर्ड हवा होता. बोर्ड आला, खांब आले नाहीत. बोर्ड सामानाच्या खोलीत भिंतीला टेकून उभा. झाडाला ठोकायचा नाही असा नियम. मग आम्ही बोरीच्या काटेरी फांद्या आणून फाटा बंद करायचो आणि गुराखी त्या बाजूला सारायचे. आम्ही पुन्हा लावायचो. असं चाललेलं.

त्यात मोबाईल आले. चालणाऱ्या लोकांचं एक ॲप असतं, त्यात कुणी ज्या वाटेनं गेलं तिची रेघ उमटते आणि ती बाकीच्यांना दिसते. त्यातल्या एका रेघेनं माझा जीव खाल्ला. लोक यायचे, फोन पुढे करायचे आणि म्हणायचे, मॅडम, यात तर खालपर्यंत वाट दाखवतेय. मी म्हणायची, ती वाट खचली. ते म्हणायचे, पण यात दाखवतेय. मी सांगायची, मी इथं रोज असते. ते पुन्हा फोनकडे बघायचे. माझ्या तोंडाकडे एकदा, फोनकडे एकदा, आणि विश्वास कुणावर बसतोय ते मला दिसायचं. ही रेघ कुण्या मूर्खानं टाकली, असं मी शेकडो वेळा म्हटलं असेन. सोनाजी ऐकून घ्यायचा.

त्या वर्षी पाऊस ओसरत आलेला. सकाळी साडेआठच्या सुमारास एक पांढरी गाडी आली. गावंडे साहेब आणि त्यांच्या पत्नी कुसुमताई. अकोल्याचे. साहेब पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. सडपातळ, ताठ, डोक्यावर टोपी, पायात नवे कोरे बूट, गळ्यात होकायंत्र. होकायंत्र बघूनच मी मनात म्हटलं, गेला आजचा दिवस.

"ही पायरी किती इंच उंच आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कमानीजवळ दगडी पायऱ्या आहेत त्याबद्दल.

"मोजली नाही साहेब."

"नऊ आहे. सात पाहिजे. बुढ्या माणसाचे गुडघे जातात अशानं." मग पत्नीकडे वळून, "कुसुम, तू नको येऊ. इथंच बैस."

"मी काई येतच नोती," कुसुमताई म्हणाल्या आणि माझ्या चौकीच्या बाकावर बसून त्यांनी विणकाम काढलं.

मी साहेबांना वाट समजावून सांगितली. पिवळे बाण बघत जा, बांबू संपला की फाटा आहे, डावीकडे वळू नका. त्यांनी फोन काढला. तीच रेघ.

"हे पाहा, डावीकडूनच वाट आहे. अंतर पण कमी आहे."

"साहेब, ती दरडीत गेली. सोनाजीला देते सोबत."

"मले कोनाची सोबत लागत नाई. तीस वर्षं कालव्यांचे सर्व्हे केले मी. मी का लहान लेकरू आहो का?"

"लेकरू असते तर ऐकलं असतं," असं मी म्हटलं. ते हसले नाहीत. पण डावीकडे जाणार नाही, असं म्हणाले आणि निघाले. खरं तर सोनाजीला सोबत द्यायला मी मोकळीही नव्हते. आमच्या कार्यालयातल्या वरच्या साहेबांचे कुणी पाहुणे दुपारी येणार होते आणि आदल्या दिवसापासून आम्ही दोघं त्या फुलपाखराच्या पंखांना निळा रंग देत होतो.

आणि अजून एक गोष्ट होती. आदल्या संध्याकाळी सोनाजीनं मला सांगितलं होतं, "बाई, फाट्यावरचे काटे काढले कोनीतरी." मी म्हटलं होतं, उद्या रंग झाला की लावू. म्हणजे गावंडे साहेब निघाले तेव्हा डावा फाटा उघडा आहे, हे मला माहीत होतं.

साडेअकराला धुकं आलं. आमच्याकडे धुकं हळूहळू येत नाही, दार उघडून माणूस आत यावा तसं येतं. समोरचा साग दिसेना. एक वाजला. कुसुमताईंनी डबा उघडून मला तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या. "येतील," त्या म्हणाल्या, "हे कुठंई गेले का मोजत बसतात." दीड वाजता त्यांनी विणकाम पिशवीत ठेवलं. मग फक्त वाटेकडे बघत बसल्या. दोन वाजता मी हातातला ब्रश पाण्यात टाकला आणि सोनाजीला म्हटलं, चल. दोर घेतला, पाण्याची बाटली घेतली.

कुसुमताई उठून उभ्या राहिल्या. "मी येऊ काय?"

"नको ताई. कोणी आलं तर इथं माणूस पाहिजे."

"ते हट्टी हायेत," त्या म्हणाल्या. "पण लबाड नाईत. जात नाई म्हनले तर नाई जातील." आणि पुढे, "वाट दिसलीच नसंल तर मात्र सांगता येत नाई."

फाट्यावर ओल्या मातीत नव्या बुटांचे ठसे होते. आधी उजवीकडे गेलेले, मग परत आलेले, मग डावीकडे. म्हणजे धुकं आल्यावर बाण दिसेना, म्हणून माणूस मागे फिरला, फोन बघितला आणि फोनमधल्या रेघेवर गेला. त्या जागी मीही तेच केलं असतं. सोनाजी ठशांजवळ बसला, बोटानं माती चाचपली. बाजूला सारलेले काटे तिथंच पडलेले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

दरडीच्या काठावर आम्ही ओरडलो. धबधब्याच्या आवाजात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईना. सोनाजीनं मला गप्प राहायला सांगितलं आणि तो पोटावर पडून काठाशी कान लावून राहिला. मग म्हणाला, "बाई, टकटक होते."

कुणीतरी दगडावर दगड आपटत होतं. तीन वेळा, मग थांबायचं, मग तीन वेळा.

वीस-बावीस फूट खाली एक खडकाची पट्टी पुढे आलेली होती, त्यावर गावंडे साहेब बसलेले. टोपी गेलेली, चष्म्याची एक काच गेलेली. उजवा पाय घोट्यापासून भलत्याच दिशेला. एक धावड्याचं झाड आडवं वाढलं होतं, त्यात अडकून ते पट्टीवर पडले होते. ते झाड नसतं तर हा लेख लिहायचं मला धाडस झालं नसतं. सोनाजी दोर बांधून आधी उतरला, मग मी. माझं वय तेव्हा सत्तावन्न. उतरताना मी कार्यालयाला, मोबाईलला, पंखांना आणि गावंडे साहेबांना ज्या शिव्या दिल्या, त्या या अंकात छापता येणार नाहीत.

त्यांना पाणी दिलं. ओठ निळे पडले होते, पण शुद्ध होती. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "मी फसलो. मले वाटलं, वाट पुढं वळते."

"बोलू नका साहेब."

"पन हे पाहा ना," आणि त्यांनी खिशातून फोन काढला. तडा गेलेला, पण चालू होता. "यात तर सरळ दाखवते." त्यांनी रेघेवर बोट ठेवलं आणि तिची माहिती उघडली. एवढी वर्षं लोक मला ती रेघ दाखवायचे, पण कुणी ती उघडून दाखवली नव्हती, आणि मीही कधी फोन हातात घेऊन बघितला नव्हता. वर नाव होतं: 'फॉरेस्ट मॅडमसोबत, जांबखोरा.' खाली एक फोटो. तीन मुली धबधब्याच्या पायथ्याशी पाण्यात पाय सोडून बसलेल्या, आणि बाजूला खाकी वर्दीतली एक बाई त्यांच्यावर ओरडत असल्यासारखी, हात वर करून.

ती मी होते.

सात-आठ वर्षांपूर्वी, दरड कोसळायच्या आधी, अमरावतीच्या एका कॉलेजच्या चार मुली आल्या होत्या. वनस्पतींचा काही प्रकल्प होता त्यांचा. चांगल्या मुली, झाडांची नावं विचारणाऱ्या. मला इतकं बरं वाटलं की मी स्वतः त्यांना जुन्या वाटेनं पायथ्यापर्यंत घेऊन गेले. त्यातल्या एकीच्या फोनमध्ये ती रेघ उमटत होती. तेव्हा ती वाट खरी होती. वाट खचली, रेघ तशीच राहिली. ज्या मूर्खाला मी इतकी वर्षं शोधत होते ती मीच.

साहेबांच्या ते लक्षात आलं नव्हतं. फोटो लहान होता, त्यांचा चष्मा फुटलेला. सोनाजीनं मात्र वाकून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी फोन त्यांच्या खिशात ठेवला.

वर चढवणं शक्य नव्हतं. सोनाजी पट्टीवरून बाजूच्या घळीतून खाली पाड्यावर गेला आणि तासाभरात पाच माणसं, दोन बांबू आणि घोंगडी घेऊन आला. झोळी करून त्यांना घळीतून खाली नेलं. साहेब झोळीत पडल्या पडल्या सांगत होते, "गाठ उलटी मारली तुमी, सरकते ती." पाड्यावरचा म्हातारा म्हणाला, "बाबा, तू गप पड." पुढे कच्च्या रस्त्यापर्यंत जीप आली. त्याच जीपनं कुसुमताईंनाही वरून आणलं होतं. त्या नवऱ्याजवळ बसल्या, पायाकडे बघितलं, त्यांच्या केसांतली माती काढली. रडल्या नाहीत. "मोजली का दरड?" एवढंच म्हणाल्या. परतवाड्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा अंधार पडला होता.

थरारक भाग इथं संपला. मला खरं सांगायचं आहे ते पुढचं.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायला बसले. सरकारी मराठी लिहायला फार सोपी असते, कारण तिच्यात कुणीच काही केलेलं नसतं. 'सदर पर्यटकास वनरक्षकाने वेळीच सूचना दिलेली असतानाही त्यांनी तिकडे दुर्लक्ष करून प्रतिबंधित मार्गावर प्रवेश केला. सदर मार्ग काटेरी कुंपणाने बंद करण्यात आलेला होता.' शेवटच्या वाक्याआधी मी उठून पाणी पिऊन आले. मग लिहिलं. सही केली. सोनाजीचा साक्षीदार म्हणून अंगठा हवा होता. तो लिहितो-वाचतो थोडं, पण अंगठा देतो. त्यानं विचारलं, "बाई, काटे लिहिले?" मी म्हटलं, लिहिले. त्यानं अंगठा दिला आणि बाहेर जाऊन पंखांना रंग द्यायला लागला. त्या दिवशी तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तसा तो कधीच बोलत नसे, पण न बोलण्यातला फरक कळतो.

अहवालातली वाक्यं कुठूनशी बाहेर गेली. स्थानिक बातम्यांत आलं, 'निवृत्त अभियंत्याला अतिउत्साह नडला.' मोबाईलवर फिरलं. हसणारे चेहरे लावून फिरलं. मलाही तीन जणांनी पाठवलं.

दीड महिन्यानं कुसुमताईंचा फोन आला. पाय जुळतोय, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बाई, तुमचे आभार मानाचे होते, ते राहून गेले. आन एक विचाराचं होतं. हे घराबाहेर पडत नाईत आता. फिराले जाणारे मित्र येतात, तर आत जाऊन झोपतात. काल गॅसवाला आला, त्याले सही कुठं कराची ते मले विचारलं याहीनं. मले! तुमी एकदा बोलता काय? तुमचं ऐकतील. तुमी नाई म्हटलं होतं, तरी गेले, याचंच मनाले लागलं त्याहीच्या."

मी हो म्हटलं आणि पंधरा दिवस गेले नाही. परतवाड्याहून अकोल्याला एसटीत बसले, तेव्हाही अकोट यायच्या आधी दोनदा उतरावंसं वाटलं.

गावंडे साहेब खिडकीजवळ खुर्चीत बसलेले. पाय स्टुलावर. दाढी वाढलेली. मी नमस्कार केला तर म्हणाले, "माफ करा. तुमाले त्रास दिला." हा तोच माणूस, ज्यानं कमानीची पायरी नजरेनं मोजली होती. मला सगळ्यात जास्त लाज तेव्हा वाटली.

मी बसले नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. फाटा उघडा होता आणि ते मला माहीत होतं. अहवालात खोटं लिहिलं. आणि ती रेघ माझी.

कुसुमताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, तशाच राहिल्या.

"म्हणजे वाट होती," साहेब म्हणाले.

"होती. आधी होती."

"मी रेघ चुकीची वाचली नाई."

"नाही साहेब. बरोबर वाचली."

मग मात्र त्यांचा आवाज चढला. "आन तुमी मले दोन महिने मूर्ख ठरवलं? माह्या नातवानं मले विचारलं, आजोबा, तुमाले नकाशा वाचता येत नाई काय? मी हो म्हटलं त्याले! मी त्याले म्हटलं, नाई येत! काहून लिहिलं असं?"

"भीती वाटली."

"कोनाची?"

निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष राहिलं होतं. आयुष्यभर कुणी बोट दाखवू नये अशी नोकरी केलेली. आमच्या घरात सरकारी खुर्चीवर बसलेली मी पहिली. आईनं माझ्या वर्दीला हात लावताना पदराला हात पुसलेले मी बघितलेत. हे सगळं त्यांना सांगण्यासारखं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांच्या दोन महिन्यांपुढे ते काय होतं?

"चहा घ्या," कुसुमताई म्हणाल्या. "आन मंग जा."

मी चहा घेतला आणि गेले.

सोमवारी कार्यालयात पुरवणी जबाब दिला. वरचे साहेब वाचून हैराण झाले. "बाई, फाईल बंद झाली. मानूस जिवंत हाय. कोनाची तक्रार नाई. तुमाले काहून खाज आली?" मी म्हटलं, नोंद करा. त्यांनी मला तीन वेळा समजावलं, एकदा चहा पाजून. शेवटी वैतागून नोंद केली. मला कारणे दाखवा आली, मग ताकीद. माझ्या सेवापुस्तकात चांगल्या कामाच्या नोंदी दोन आहेत आणि ताकीद एक. ताकीद मिळवायला जास्त कष्ट पडले. सोनाजीला मी पुन्हा अंगठा द्यायला बोलावलं, तेव्हा त्यानं आधी विचारलं, "काटे?" मी म्हटलं, काढले. त्यानं अंगठा दिला.

आता ती रेघ. ॲपवाल्यांना लिहिलं तर उत्तर इंग्रजीतून आणि तेही यंत्रानं दिलेलं. ज्यानं टाकली त्यालाच काढता येते. ती जिच्या फोनमध्ये उमटली होती ती मुलगी, पल्लवी, आता अमरावतीत नोकरीला असल्याचं कळलं. कॉलेजातून तिचा नंबर मिळवायला मला तीन फेऱ्या पडल्या. एका बाबूनं तर विचारलं, तुमचा मुलीशी संबंध काय? मी म्हटलं, तिच्यामुळे एक माणूस कड्यावरून पडला. मग त्यानं लगेच दिला. पल्लवीला फोन केला. ती आधी खूप आनंदली, मग सगळं ऐकून म्हणाली, "मॅडम, एक मिनिट थांबा." फोनवर काहीतरी टकटक झाली. "काढली."

एक मिनिट. एवढी वर्षं शिव्या, काटे, भांडणं, एका माणसाचा पाय, आणि काम एका मिनिटाचं. मी फोन ठेवला.

पुढच्या वर्षी, माझ्या निवृत्तीच्या आधीच्या दिवाळीत, पाऊस पूर्ण गेल्यावर, पांढरी गाडी पुन्हा आली. गाडी कुसुमताईंचा भाचा चालवत होता. साहेब काठी घेऊन उतरले. मला नमस्कार केला नाही. म्हणाले, "ती जागा दाखवा."

"साहेब, तुमच्या पायानं..."

"पाय माहा हाय."

कुसुमताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे घेऊन जा. मी पुढे, मध्ये साहेब, मागे सोनाजी. दरडीपर्यंतची दीड तासाची वाट आम्ही तीन तासांत उतरलो. त्या सगळ्या वेळात साहेब एक अक्षर बोलले नाहीत. मला ते नको झालं. त्यांनी पायऱ्या मोजाव्यात, असं मला मनापासून वाटत होतं.

दरडीच्या अलीकडे मी त्यांना थांबवलं. ते तिथून बघत राहिले. तुटलेली कड, खालची खडकाची पट्टी, आडवं धावड्याचं झाड, समोर पलीकडच्या बाजूला वाटेचं उरलेलं तोंड. पाणी कमी झालं होतं, आवाज बेताचा. ते म्हणाले, "वरून पाहाचं होतं. उभ्यानं."

मग काठी टेकत मागे फिरले, आणि पाच-सहा पावलांवर थांबले. तिथं सोनाजी कामाला लागलेला होता. खांब अजूनही आलेले नव्हते, म्हणून आम्ही ठरवलं होतं की या वाटेवर दगडांची कमरेएवढी आडवी भिंतच घालायची. कुणाची परवानगी विचारायची नाही. पहिला थर त्यानं आदल्या आठवड्यात रचला होता.

साहेबांनी काठीनं एक दगड ढोसला. तो हलला.

"हे काय हाय?" ते म्हणाले.

"भिंत," सोनाजी म्हणाला.

"हे भिंत हाय? पाया कुठं हाय? पैल्या पावसात वाहून जाईन. आन अशी उभी कोनी रचते काय? आतल्या अंगाले कलती पाहिजे."

"आमी अशीच रचतो."

"म्हनून तर पडतात तुमच्या!"

"बाबा, हे आमच्या शेताच्या बांधाले बी अशीच रचतो. बापाच्या वक्तापासून हाय. पडली नाई."

"पावसाचं पानी कुठून येते इथं? दाखव. दाखव मले." साहेब काठी बाजूला टाकून खाली बसलेसुद्धा, एक पाय लांब करून, आणि त्यांनी सोनाजीनं रचलेला पहिला दगड उचलून बाजूला ठेवला.

सोनाजीनं तो उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"अरे, ऐक ना रे!"

"तुमी ऐका."

एवढी वर्षं मी त्या माणसाच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकली नव्हती. मी म्हटलं, साहेब, वर ताई वाट बघत असतील, ऊन चढतंय, पाय सुजेल. माझ्याकडे दोघांपैकी कुणीही बघितलं नाही. साहेब बोटांनी वितीचं माप घेत होते आणि सोनाजी, आपण ऐकत नाही हे दाखवत, त्या मापाकडे डोळा लावून होता. मी बाह्या वर सारल्या, खालचा एक मोठा दगड हलवून बघितला आणि विचारलं, "हा कुठं ठेवू?"

दोघांनी दोन वेगळ्या जागा दाखवल्या.